पाळी गेल्यानंतरचे क्रीम: प्रयोगशाळा, कारखाना आणि लेबल

ब्रिटनमधल्या बूट्स या औषधदुकानांच्या साखळीने २०२२ साली आपल्या ‘नंबर सेव्हन’ या ब्रँडखाली रजोनिवृत्तीच्या त्वचेसाठी म्हणून वेगळी क्रीम बाजारात आणली. त्याच वर्षी अभिनेत्री नाओमी वॉट्स यांनी अमेरिकेत ‘स्ट्राइप्स’ हा ब्रँड सुरू केला. फ्रान्सची ‘विशी’ तर ‘निओव्हॅडिओल’ नावाने असा माल त्याच्या बराच आधीपासून विकत होती. ज्या वयातल्या बायकांना जाहिरातीत एक तर आजी म्हणून दाखवत किंवा दाखवतच नसत, त्यांच्यासाठी दुकानात अचानक स्वतंत्र फळी तयार झाली. आपल्याकडे ही लाट अजून पुरती पोचलेली नाही. इथे असा माल बहुतेक ‘अँटी-एजिंग’ याच पाटीखाली खपतो. पण ती येणार हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा ती दाराशी येण्यापूर्वीच विचारून घ्यावे: पाळी गेल्यावर त्वचा खरोखर इतकी बदलते का, की तिला वेगळे क्रीम लागावे? लागत असेल तर ते बनते कसे? आणि बनते कोणासाठी?

बदलते, यात शंका नाही. हा बदल डॉक्टरांच्या लक्षात आला तो हाडांच्या निमित्ताने. फुलर ऑलब्राइट या अमेरिकी डॉक्टरांनी १९४१ साली नोंदवले की रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या बायकांची त्वचाही पातळ झालेली असते. पुढे १९८० च्या दशकात लंडनमध्ये मार्क ब्रिंकॅट, जॉन स्टड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेतले कोलॅजेन प्रत्यक्ष मोजले. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होते आणि त्यानंतर दरवर्षी साधारण दोन टक्के, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. ही घट बाईच्या वयापेक्षा तिची पाळी जाऊन किती वर्षे झाली याच्याशी जास्त जुळत होती. म्हणजे अंडाशय काढून चार वर्षे झालेल्या बेचाळीस वर्षांच्या बाईची त्वचा, अजून पाळी चालू असलेल्या पन्नाशीतल्या बाईपेक्षा जास्त विरलेली असू शकते.

तो ३० टक्क्यांचा आकडा आता जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतो. जाहिरातीत नसते ते असे: ही मोजमापे चेहऱ्यावरची नव्हती, अभ्यास आजच्या मानाने लहान होते आणि त्यात ज्या बायकांचे कोलॅजेन टिकलेले दिसले त्यांना शरीरात इस्ट्रोजेन दिले जात होते, गालाला क्रीम नव्हे. शिवाय हॉर्मोन घेतले की सुरकुत्या थांबतात असेही सरळ गणित नाही. अमेरिकेतल्या ‘कीप्स’ नावाच्या चाचणीला जोडून झालेल्या एका अभ्यासात, चार वर्षे हॉर्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या सुरकुत्यांत लक्षणीय फरक सापडला नाही. सुरकुतीमागे ऊन असते, सिगरेट असते, आईकडून आलेला चेहरा असतो. इस्ट्रोजेन हे त्यातले एक कारण.

कोलॅजेन हा खालच्या थराचा भाग झाला. क्रीम ज्या वरच्या थराशी बोलू शकते, तिथले बदल बनवणाऱ्याच्या दृष्टीने जास्त कामाचे आहेत. त्वचेच्या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. त्यांतला बीटा प्रकार स्वीडनमध्ये १९९६ साली सापडला आणि त्वचेत त्याचेच प्रस्थ जास्त असल्याचे पुढे दिसून आले. इस्ट्रोजेन आटले की तेलग्रंथी मंदावतात, पाणी धरून ठेवणारे हायल्युरॉनिक आम्ल घटते, जखम भरायला वेळ लागतो. सर्वांत वरच्या थराची रचना विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखी असते: मेलेल्या पेशी या विटा आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे मिश्रण हा चुना. मँचेस्टर विद्यापीठातून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतर या थरातल्या सेरामाइडांचा नमुनाच बदलतो आणि हॉर्मोन घेणाऱ्या बायकांत तो तसा बदलत नाही, असे दिसले. त्या अभ्यासाच्या लेखकांत नंबर सेव्हन कंपनीचे शास्त्रज्ञही होते आणि त्याच वर्षी कंपनीची डबी बाजारात आली. एवढ्यावरून संशोधन खोटे ठरत नाही. पण शोध आणि विक्री एकाच घरातून निघाली, हे वाचकाला माहीत असावे.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे उत्पादक सहसा काणाडोळा करतात. ‘रजोनिवृत्तीची त्वचा’ ही एक त्वचा नव्हे. पाळी अनियमित होऊ लागल्यापासून ती जाऊन पाच-सहा वर्षे होईपर्यंत दहा वर्षे सहज निघून जातात. सुरुवातीच्या काळात इस्ट्रोजेन वरखाली होते. एका महिन्यात हनुवटीवर शाळकरी वयासारखे फोड, पुढच्या महिन्यात गाल ओढल्यासारखे कोरडे. नंतर पुरुषी हॉर्मोनांचा तुलनेने वरचष्मा होऊन हनुवटीवर राठ केस येतात आणि डोक्यावरचे विरळ होतात. मग कोरडेपणा कायमचा मुक्कामाला येतो. या सगळ्यांना एकच डबी पुरते असे म्हणणारा एक तर भोळा असतो, नाही तर विक्रेता.

मग सरळ क्रीममध्येच इस्ट्रोजेन का घालू नये? हा विचार नवा नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून पुढची दोन-तीन दशके इस्ट्रोजेनयुक्त क्रीम उघडपणे विकली जात होती. हेलेना रुबिनस्टाइन यांच्यासारखी बडी नावे त्या धंद्यात होती. डॉक्टरांच्या संघटना तेव्हाही नाखूश होत्या. कारण साधे होते. हॉर्मोन त्वचेतून रक्तात जाते आणि मग ते प्रसाधन राहत नाही, औषध होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९३ साली हॉर्मोनचे दावे करणाऱ्या, चिठ्ठीविना मिळणाऱ्या क्रीमना नवे औषध ठरवून त्यांची वाट बंद केली. युरोपात प्रसाधनांत इस्ट्रोजेन घालायला मनाई आहे. त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेन आज जगभर आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध म्हणून, आणि मुख्यतः त्वचा सुधारण्यासाठी नव्हे.

दार बंद झाले की माणूस खिडकी शोधतो. सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डेडझीन ही द्रव्ये इस्ट्रोजेनच्या ग्राहकांवर, त्यातही बीटा प्रकारावर, क्षीण परिणाम करतात. त्यामुळे ‘वनस्पतिज इस्ट्रोजेन’ हा शब्द लेबलांवर नाचू लागला. ब्राझीलमध्ये झालेल्या एका २४ आठवड्यांच्या तुलनेत जेनिस्टीनचा चेहऱ्याच्या त्वचेवर परिणाम दिसला, पण खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा कमी. गंमत अशी की परिणाम होतो म्हणून विकावे, तर परिणाम होतो म्हणूनच बंधन येते. युरोपीय संघाने २०२४ च्या एप्रिलमध्ये जेनिस्टीनला ०.००७ टक्के आणि डेडझीनला ०.०२ टक्के अशी कमाल मर्यादा घातली. इतक्या प्रमाणात किती काम होणार, हे उत्पादकाने विकत घेणाऱ्याला सांगायला हवे. ते कोणी सांगत नाही. अमेरिकेत ‘एमेपेल’ या ब्रँडने तिसरी वाट काढली: त्वचेतल्या ग्राहकाला चेतवणारा, पण शरीरात शिरताच निष्क्रिय होणारा इस्ट्रोजेनसदृश रेणू. कल्पना हुशारीची आहे. स्वतंत्र आणि मोठ्या चाचण्या मात्र हव्यात.

इथे एका गटाचा विचार आधी करावा लागतो. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारात औषधांनी किंवा अंडाशय काढून रजोनिवृत्ती आणली जाते. अशा बायकांची त्वचा एकदम, काही महिन्यांतच कोरडी पडते, आणि या क्रीमची सर्वांत जास्त गरज खरे तर त्यांनाच असते. पण इस्ट्रोजेनच्या वाटेने जाणारे काहीही त्यांच्यासाठी नको. म्हणून जो निर्माता या क्षेत्रात प्रामाणिकपणे उतरतो, त्याने इस्ट्रोजेनची नक्कल करण्याचा नाद सोडून इस्ट्रोजेन गेल्यामुळे जे कमी पडते ते बाहेरून भरावे, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

भरायचे म्हणजे काय? पहिले, चुना. अमेरिकी त्वचातज्ज्ञ पीटर एलायस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले की तरुण त्वचेला सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे समसमान मिश्रण चालते, पण वयस्कर त्वचेत कोलेस्टेरॉलचे प्रमाण जास्त ठेवले तर बिघडलेला थर लवकर सावरतो. तरीही बाजारात सगळा गाजावाजा सेरामाइडचा. कोलेस्टेरॉल हा शब्द बिचारा हृदयरोगाने बदनाम केला. लेबलावर तो ठळकपणे छापायला कोणी धजत नाही. दुसरे, तेल. स्क्वालेन हे त्वचेच्या स्वतःच्या तेलाच्या जवळचे. पूर्वी ते शार्क माशाच्या यकृतातून काढत, मग ऑलिव्हमधून, आणि आता उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवूनही बनवतात. हे साखरेचे स्क्वालेन बाजारात आणणारी ॲमायरिस कंपनीच स्ट्राइप्सच्या मागे होती. २०२३ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ब्रँड दुसऱ्या मालकाकडे गेला. तिसरे, पाणी धरणारे: ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक आम्ल. यांतले पहिले दोन इतके स्वस्त आहेत की त्यांची जाहिरात करण्यात कोणालाच रस नाही.

नायसिनामाइडचे उदाहरण थोडे सविस्तर सांगतो, कारण रजोनिवृत्तीसाठी क्रीम बनवणे म्हणजे जुन्या क्रीमला नवे लेबल लावणे नव्हे, हे त्यातून कळते. हे ब-जीवनसत्त्वाचे रूप थर मजबूत करते, डाग थोडे फिके करते, अंगाला सोसते. पण क्रीमचा पीएच फार खाली किंवा वर गेला आणि माल गरम गोदामात पडून राहिला, तर त्याचे हळूहळू निकोटिनिक आम्लात रूपांतर होते. निकोटिनिक आम्लाने त्वचा लाल होते, चेहरा तापतो. पंचविशीतल्या मुलीला ते पाच मिनिटे जाणवेल. जिच्या अंगातून दिवसातून दहा वेळा वाफा निघतात, तिला मात्र आपल्या हॉट फ्लशमध्ये आणखी भर पडली असे वाटेल, आणि दोष ती स्वतःच्या शरीराला देईल. म्हणून इथे नायसिनामाइड घालताना पीएच पाच ते सातच्या दरम्यान ठेवणे आणि कच्च्या मालात निकोटिनिक आम्लाचा अंश किती आहे हे प्रत्येक खेपेला तपासणे, ही हौस नाही. तेच मेन्थॉलचे. गार वाटावे म्हणून फवाऱ्यात मेन्थॉल आणि अल्कोहोल भरणे सोपे. क्षणभर बरे वाटते आणि कोरड्या त्वचेतले उरलेसुरले पाणी उडते.

सुरकुत्यांसाठी सर्वांत भक्कम पुरावा अजूनही अ-जीवनसत्त्वाच्या कुळाचा आहे. ट्रेटिनॉइन हे औषध, रेटिनॉल हे प्रसाधन. पातळ झालेल्या त्वचेला ते झोंबते, सालपटे निघतात आणि बाई आठवड्यात डबी ठेवून देते. युरोपीय संघाने २०२४ च्याच नियमात चेहऱ्याच्या क्रीममधल्या रेटिनॉलला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. त्याला पर्याय म्हणून गेल्या काही वर्षांत ज्याचा बोलबाला झाला ते बाकुचिओल आपल्या अगदी घरचे. बावचीच्या बियांतले हे द्रव्य पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांच्या गटाने वेगळे केले आणि १९६६ साली प्रसिद्ध केले. त्या निबंधावर रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता यांचेही नाव आहे. मग अर्धशतक जगाला त्याचे काही वाटले नाही. २०१९ साली ४४ जणांवर १२ आठवड्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली, ०.५ टक्के बाकुचिओल ०.५ टक्के रेटिनॉलच्या बरोबरीने उतरले, झोंबणे कमी. चाचणी छोटी, पण आशा धरण्याजोगी. इथे सावधगिरीची एक गोष्ट मात्र आपल्या वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसवतात, कारण तिच्यात सोरॅलेन असतात आणि ते उन्हाने त्वचा भाजतात. तेव्हा ‘बावचीचे शुद्ध नैसर्गिक तेल’ चेहऱ्याला लावून उन्हात जाणे आणि सोरॅलेन काढून टाकलेले शुद्ध बाकुचिओल वापरणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या हवेकडे आणि आपल्या वर्णाकडे. परदेशातली या वर्गातली बहुतेक क्रीम जाड, लोण्यासारखी असतात. लंडनच्या हिवाळ्यात ते ठीक. तीच डबी दादरच्या जूनमध्ये उघडा. आधीच घाम, त्यात हॉट फ्लश, त्यावर जाड क्रीम. लोकलमध्ये चढेपर्यंत ते कपाळावरून डोळ्यांत उतरते. त्याच महिन्यात लातूर-नांदेडकडे गरम वारा ओठ फोडत असतो. एकाच राज्यात दोन बांधणीची क्रीम लागतात: किनाऱ्यावर पातळ, जेलसारखे, ग्लिसरीनवर भर देणारे आणि पठारावर तेल जास्त असलेले. आणखी, आपल्याकडे रजोनिवृत्तीही लवकर येते. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीत सरासरी वय ४६ च्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत ते ५१ धरतात. पन्नाशीला समोर ठेवून आखलेली जाहिरात आपल्या बाईपर्यंत पोचते तेव्हा तिची पहिली पाच वर्षे, म्हणजे कोलॅजेन सर्वांत वेगाने जाण्याची वर्षे, उलटून गेलेली असतात.

आणि तिची तक्रार सुरकुतीची नसतेच. सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, म्हणून सुरकुत्या उशिरा येतात. तिला त्रास देतो तो वांग, डोळ्यांखालचे आणि तोंडाभोवतीचे काळे डाग, मानेचा काळपटपणा. वांगामागे हॉर्मोन असतात, ऊन असते, आणि आता कळले आहे की डोळ्यांना दिसणारा प्रकाशही असतो. नेहमीचे पांढरे सनस्क्रीन दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही. लोहाची ऑक्साइडे घातलेले, त्वचेच्या रंगाकडे झुकणारे सनस्क्रीन तो बराच अडवते. म्हणजे आपल्या बायकांसाठी रंगीत सनस्क्रीन हा नट्टापट्टा नसून उपचाराचा भाग आहे. पण दुकानात मिळणाऱ्या छटा पाहाव्यात तर तीन गोऱ्या आणि एक गव्हाळ. झिंक ऑक्साइडचा पांढरा मुलामा सावळ्या गालावर राखेसारखा दिसतो, म्हणून बाई ते लावत नाही, आणि मग सनस्क्रीन काम करत नाही असे म्हणते. हे अपयश रसायनशास्त्राचे नाही. छटा ठरवणाऱ्याने कोणाला डोळ्यांसमोर ठेवले त्याचे आहे.

वांगाची घाई फार महागात पडते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे तिहेरी मिश्रण हे थोड्या दिवसांचे, डॉक्टरांच्या देखरेखीखालचे औषध. आपल्याकडे ते वर्षानुवर्षे गोरेपणाचे क्रीम म्हणून लावले गेले. सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड चिठ्ठीविना विकायला बंदी केली, तरी ट्यूब मिळते. स्टेरॉइड त्वचा पातळ करते. इस्ट्रोजेन गेलेली त्वचा आधीच पातळ. यापेक्षा वाईट पाऱ्याचे. पारा घातलेल्या गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचे विकार झाल्याची प्रकरणे २०२३ साली केरळमधल्या मलप्पुरममध्ये आणि आपल्या अकोल्यातही उजेडात आली.

कारखान्यात डोकावल्याशिवाय हा आढावा अर्धा राहील. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचा बळेच लावलेला संसार. तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग वेगवेगळ्या टाक्यांत साधारण ७० ते ७५ अंशांना तापवतात, निर्वात मिक्सरमध्ये एकत्र घोटतात आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आले की उष्णता न सोसणारी द्रव्ये व सुवास शेवटी घालतात. सेरामाइड इथे फार छळतात. ते विरघळायला तेल जास्त तापवावे लागते, आणि नीट बांधणी झाली नाही तर थंड झाल्यावर स्फटिक होऊन बसतात. क्रीम बोटाला रवाळ लागते आणि ते सेरामाइड त्वचेत जाण्याऐवजी डबीतच राहतात. रेटिनॉल हवेने आणि उजेडाने खराब होते, म्हणून त्याला रुंद तोंडाची काचेची डबी कितीही शोभिवंत असली तरी चुकीची. हवा आत न घेणारा पंप किंवा ॲल्युमिनियमची ट्यूब हवी. तयार माल ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत काही महिने ठेवून पाहतात. एवढे सोसले तर चंद्रपूरच्या मे महिन्यात टेम्पोत दोन दिवस उभा राहिलेला खोका तग धरेल असे मानायला हरकत नाही.

सुवास आणि टिकाऊपणाची द्रव्ये हा वादाचा विषय. सुवास काढून टाकावा, यावर माझे मत ठाम आहे: थर कमकुवत झालेल्या त्वचेला ॲलर्जी होण्याचे ते एक मोठे कारण आहे आणि त्याचा उपयोग फक्त नाकाला. टिकाऊपणाच्या द्रव्यांचे तसे नाही. पॅराबेन क्षीण इस्ट्रोजेनसारखे वागतात म्हणून त्यांची भीती बसली. युरोपने प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनला मिळून ०.१४ टक्क्यांची मर्यादा घातली, पण सरसकट बंदी नाही. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ ही पाटी लावून कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी एकत्र करून विकणारे मात्र जास्त धोक्याचे. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीममध्ये जंतू वाढतात. आपल्या परंपरेचा भर पाण्यापेक्षा स्निग्धावर होता. शतधौत घृतात तूप तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतात; ते पांढरे, हलके, थंड होते. भाजलेल्या, आग होणाऱ्या त्वचेवर ते आजही लावतात. कोकणात आणि गोव्यात भेगांना लावायचे कोकमाचे तेल तर पाण्याविना असते, म्हणून टिकतेही. दोन्ही उत्तम मूळ द्रव्ये आहेत. त्यांना ‘रजोनिवृत्तीवरचा रामबाण’ म्हणायची गरज नाही.

कायद्याच्या अंगाने आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे प्रसाधन नियम लागू आहेत. परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. स्वतःचा कारखाना नसलेला दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेऊ शकतो. धंद्यात याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात आणि बाजारातले कितीतरी ब्रँड तसेच बनतात. डबीवर बनवणाऱ्याचे नाव एक आणि विकणाऱ्याचे दुसरे असते ते यामुळे. त्यात गैर काही नाही, पण एकच तयार मसुदा थोडा सुवास बदलून चार नावांनी विकला जाऊ शकतो हे लक्षात ठेवावे. भारतीय मानक ब्युरोचे त्वचेच्या क्रीमचे मानक, आयएस ६६०८, शिसे आणि आर्सेनिक यांवर मर्यादा घालते; पीएच मात्र ४ ते ९ इतका मोकळा सोडते. ज्या त्वचेचा पीएच मुळात पाचच्या आसपास असायला हवा आणि पाळी गेल्यावर वर सरकतो, तिला नऊ पीएचचे क्रीम मानकात बसते म्हणून योग्य ठरत नाही. प्राण्यांवरच्या चाचण्या भारताने २०१४ साली बंद केल्या, तेव्हा ‘प्राण्यांवर न तपासलेले’ ही इथल्या मालाची खास गुणवत्ता नव्हे.

दाव्यांच्या बाबतीत सगळेच निसरडे. ‘९० टक्के बायकांना त्वचा मऊ वाटली’ हा वाटण्याचा आकडा. पाणी किती उडते, त्वचा किती ताणते हे यंत्राने मोजता येते आणि मोजायला हवे. त्याहून मूलभूत प्रश्न असा: चाचणीतल्या बायकांची पाळी गेलेली होती का? बहुतेक प्रसाधन-चाचण्यांत नोंद होते ती वयाची. वय ४० ते ६० असे लिहिले की त्यात पाळी चालू असलेल्या, अनियमित झालेल्या आणि जाऊन दहा वर्षे झालेल्या सगळ्याच आल्या. ज्या डबीवर रजोनिवृत्ती हा शब्द आहे, तिच्यामागच्या चाचणीत ही नोंद नसेल तर तो शब्द फक्त छपाईचा भाग.

ज्या त्वचेबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते तिच्याबद्दलही बोलू. योनिमार्गाचा कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी वेदना हा रजोनिवृत्तीचा फार मोठा आणि फार लपवलेला त्रास आहे. चेहऱ्यासाठी पाच हजारांची डबी घेणारी बाईसुद्धा याबद्दल दुकानदाराकडे शब्द काढत नाही. इथे डॉक्टरांनी दिलेले अल्प मात्रेचे स्थानिक इस्ट्रोजेन हा बऱ्याच जणींसाठी चांगला उपाय आहे, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी हायल्युरॉनिक आम्लाची जेल. वंगण-जेल बनवणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली सांगून ठेवले आहे की तिचे द्रावण फार घट्ट नको. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, १२०० च्या वर नको आणि शक्यतो ३८० च्या आत असावी, नाहीतर ती पेशींतलेच पाणी ओढून घेते. ग्लिसरीन जास्त झाले की नेमके तेच होते. गालावर गुणी असलेले द्रव्य इथे घातक ठरू शकते. या एका उत्पादनावर भारतीय कारखान्यांनी मन लावून काम केले, तर फळीवरच्या दहा सिरमांपेक्षा जास्त भले होईल.

राहिला प्रश्न कोणासाठी याचा. चेहऱ्याच्या क्रीमवर १८ टक्के जीएसटी आहे. सॅनिटरी पॅड २०१८ पासून करमुक्त आहेत. पाळीच्या काळात सरकारने हात सैल सोडला, पाळी गेल्यावर पुन्हा आवळला. आणि बीड जिल्ह्याचे काय? राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या २०१९ च्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, अनेकींचे चाळिशीच्या आत. गर्भाशयासोबत अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. अंडाशय ठेवले तरी ती लवकर येण्याची शक्यता वाढते. या बायका दिवसभर उन्हात, उसाच्या धारदार पातीत काम करतात. सनस्क्रीन जितके जाड लावायला सांगतात तितके लावले तर एक ट्यूब काही दिवसही पुरणार नाही. साडीवर घातलेला पुरुषी शर्ट आणि डोक्याला गुंडाळलेला टॉवेल त्यांचे जास्त रक्षण करतो, आणि ते त्यांनी स्वतःच शोधले आहे. पण हातांच्या भेगांना, तडकलेल्या टाचांना, कोरड्या पडून खाजणाऱ्या पायांना जे लागते त्यात अवघड काहीच नाही: दहा टक्के युरिया, ग्लिसरीन, व्हॅसलीन, बेताचा पीएच, सुवास नाही, चारशे नव्हे तर चाळीस रुपयांच्या आसपास किंमत आणि मोठी ट्यूब.

हे बनवायला नवा शोध लागत नाही; वसईपासून अंबरनाथपर्यंतच्या कुठल्याही परवानाधारक कारखान्याला ते एका पाळीत जमेल. उद्योजकांनी ते बनवावे, बचतगटांच्या महासंघांनी परवाना असलेल्या कारखान्याकडून आपल्या नावाने करून घ्यावे, आणि आरोग्य विभागाने ते विकत घेऊन आशाताईंच्या पिशवीत ठेवावे.